टेंडरचे वाद आणि त्यातली वकिली

प्रश्न : रस्त्याच्या कामाच्या टेंडरमध्ये आमचे पहिले, म्हणजे तांत्रिक कागदपत्रांचे पाकीटच अपात्र ठरवले. कारण दिले आहे, ‘अनुभव प्रमाणपत्र अटीनुसार नाही’. दरांचे, म्हणजे आर्थिक पाकीट कधीही उघडेल. माहिती अधिकारात अर्ज टाकू का? – एक ठेकेदार, इचलकरंजी

अर्ज टाका, पण त्यावर विसंबून राहू नका. माहिती द्यायला कायद्याने ३० दिवस आहेत आणि तेवढ्या काळात कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघून खडी पडायलाही सुरुवात होते. आजच पोर्टलवरून तांत्रिक छाननीचा अहवाल, मूळ सूचना आणि सगळी शुद्धिपत्रके उतरवून घ्या. कार्यकारी अभियंत्याला ईमेलने लेखी हरकत पाठवा. तिची प्रत आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. हरकतीत अटीचा क्रमांक, तुमच्या प्रमाणपत्राचे पान आणि ते अटीत कसे बसते, एवढेच लिहा. भ्रष्टाचाराचे मोघम आरोप करू नका. कागद नसलेला आरोप चांगल्या मुद्द्यालाही मारतो.

दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. यात नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला, म्हणजे एल-वनला, प्रतिवादी न करणे. त्याच्या हक्कावर गदा येणार, मग त्याला ऐकल्याशिवाय न्यायालय आदेश देत नाही. दुसरी चूक मागण्यांतली : फक्त ‘अपात्रता रद्द करा’ एवढेच मागतात आणि मध्येच कार्यादेश निघतो. आर्थिक पाकीट उघडण्याला व कार्यादेशाला अंतरिम स्थगिती सुरुवातीपासून मागा. कार्यादेश निघालाच, तर लगेच याचिकेत दुरुस्ती करून त्यालाही आव्हान द्या.

मुद्दा टिकेल का, हे अट कशी आहे त्यावर ठरते. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रकमेचा धनादेश स्टेट बँकेऐवजी युनियन बँकेचा होता. ही अट दुय्यम आहे, ती शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने धरले. मात्र किमान अनुभवाची रक्कमच भरत नसेल, तर ती मुख्य अट, तिथे सवलत नाही. अटीचे दोन अर्थ निघत असतील, तर टेंडर काढणाऱ्याने लावलेला अर्थ न्यायालय सहसा मोडत नाही. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या प्रकरणात हेच सांगितले आहे. तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे : ज्या कारणाने अपात्र केले, तेच कारण कोर्टात तपासले जाते. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडता येत नाहीत, हे १९७८ च्या मोहिंदरसिंग गिल निकालापासून ठरलेले आहे.

उशीर केला तर मात्र कायदा बाजूने असूनही हात रिकामे राहतात. १९७९ चा रमणा शेट्टी खटला मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या टेंडरचा. स्वतः घातलेली पाच वर्षांच्या अनुभवाची अट प्राधिकरणाला डावलता येणार नाही, हे तत्त्व त्यातूनच पक्के झाले. तरी अर्जदाराला दाद मिळाली नाही. त्याचे स्वतःचे हितसंबंध दिसत नव्हते, तो पाच महिन्यांहून उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्याने पैसे घालून काम उभे केले होते.

प्रश्न : सनद नुकतीच मिळाली आहे. सर्किट बेंच आल्यामुळे या कामात वाव आहे का? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, राजारामपुरी

वाव नक्कीच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, इथे कोल्हापुरात बसते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. ज्या वादात दिवस मोजावे लागतात, त्यात मुंबईची फेरी वाचणे फार मोठी गोष्ट आहे.

सुरुवात निकालांपासून नको, टेंडरच्या कागदांपासून करा. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवरून बांधकाम विभागाचे एखादे टेंडर उतरवा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचा. बी-वन नमुना म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारीचा दर, बी-टू म्हणजे बाबवार दर, हे माहीत नसलेला वकील अभियंत्यासमोर गडबडतो. बिड कपॅसिटीचे, म्हणजे ठेकेदार किती रकमेचे काम पेलू शकतो याचे गणित स्वतः सोडवा. बहुतेक ठिकाणी ते (अ × न × २) − ब असे असते : अ म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाची कामाची उलाढाल, न म्हणजे कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे त्याच मुदतीत हातातल्या कामांचा उरलेला भार. समजा, उलाढाल ८ कोटी, मुदत दीड वर्ष, उरलेला भार १० कोटी. क्षमता आली १४ कोटी. १५ कोटींच्या कामाला हा ठेकेदार बसत नाही. भांडण बहुतेक वेळा ‘ब’वर होते. ठेकेदार चालू काम लपवतो, किंवा कार्यालय उरलेल्या कामाऐवजी पूर्ण करार रक्कम धरते. हा फरक दाखवायला चालू कामांची बिले आणि मोजमाप पुस्तिकेच्या नोंदी लागतात.

न्यायालय टेंडरमध्ये कितपत हात घालते, यासाठी टाटा सेल्युलर (१९९४) आणि जगदीश मंडल (२००७) हे निकाल मुळातून वाचा. काळ्या यादीसाठी गोरखा सिक्युरिटी (२०१४) : काळ्या यादीत टाकायचे असेल, तर तो इरादा कारणे दाखवा नोटिशीत स्पष्ट हवा. शिवाय नुसत्या रिटवर घर चालत नाही. बिले थकणे, मुदतवाढ, दंड, लवाद ही कामे जास्त नियमित येतात. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायची मुदत ३ महिने, वर फार तर ३० दिवस. ती चुकली की विषय संपला.

प्रश्न : आम्ही एल-वन आहोत. प्रतिस्पर्धी कोर्टात जाईल अशी कुणकुण आहे. – शिरोली

कॅव्हेट दाखल करा, ते ९० दिवस चालते. आमचे ऐकल्याशिवाय स्थगिती नको, एवढाच त्याचा उपयोग, पण तो मोठा आहे.

प्रश्न : अमेरिकेत हीच वकिली वेगळी शाखा आहे म्हणतात. तिथे काय फरक आहे? – विधी शाखेची विद्यार्थिनी

तिथे संघीय सरकारच्या टेंडरवरची तक्रार ‘गाओ’ या लेखापरीक्षण संस्थेकडे नेता येते. अटींवर आक्षेप असेल तर बोली भरायच्या वेळेआधी, इतर बाबतींत सर्वसाधारणपणे कारण कळल्यापासून १० दिवसांत. निर्णय १०० दिवसांत येतो. तक्रार वेळेत गेली, तर करार बहुतेक वेळा आपोआप थांबतो. आपल्याकडे तीच स्थगिती न्यायालयाला पटवून मिळवावी लागते. दुसरा मोठा फरक गोपनीय कागदांचा. तिथे गोपनीयता राखण्याच्या आदेशाखाली (प्रोटेक्टिव्ह ऑर्डर) मंजुरी मिळालेल्या वकिलाला किंवा तज्ज्ञालाच प्रतिस्पर्ध्याचे दर व मूल्यांकन पाहता येते, वकिलाच्या अशिलालाही नाही. संघीय दावे न्यायालयाचा मार्गही खुला असतो, पण तिथे उभे राहायला तिथल्या बारचे सदस्यत्व लागते.