विम कंपाइल करायचाय? आधी डेव्ह पॅकेजं बघ

तुझे प्रश्न दोन. उबुंटूवर विम (टेक्स्ट एडिटर) सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला घेतला की कन्फिगर (मशीनवर काय-काय आहे ते आधी तपासणारी स्क्रिप्ट) 'टर्मिनल लायब्ररी नाही' म्हणून अडून बसतं. आणि लॅबमध्ये मित्राने बांधलेला विम चालतो, पण त्यातलं काही ब्राउझरमध्ये पेस्ट होत नाही. दोन्हीचं दुखणं एकच आहे: डेव्ह पॅकेजं नाहीत. (दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणतोय.)

पहिलं सोपं आहे. लिब-एनकर्सेस-डेव्ह टाक; एनकर्सेस हीच ती टर्मिनल लायब्ररी. 'पण एनकर्सेस तर मशीनवर आहे' असं तू लिहिलंयस. आहेच, नाहीतर नॅनोसुद्धा उघडला नसता. पण ती नुसती प्रोग्राम चालवण्यापुरती. हेडर फायली (लायब्ररीत काय-काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात येतात. खानावळीत जेवण तयार आहे, पण कंपायलर मेनूकार्ड हातात आल्याशिवाय ऑर्डरच देत नाही.

मित्राचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण तिथे काहीच अडलं नाही. टर्मिनल लायब्ररी नसेल तर कन्फिगर निदान थांबतं तरी. एक्स-११ च्या (खिडक्या नि क्लिपबोर्ड सांभाळणारी यंत्रणा) हेडर फायली नसल्या तर एका ओळीत 'नो' छापून पुढे जातं, आणि त्या शेकडो ओळी सरसर वर जाताना कोण बघतो? विम बांधून होतो, क्लिपबोर्ड मात्र गायब. 'विम --व्हर्जन' चालवून क्लिपबोर्डच्या आधी अधिक आहे की उणे, ते बघायला सांग त्याला. उणे असेल तर लिब-एक्स११-डेव्ह आणि लिब-एक्सटी-डेव्ह टाकून पुन्हा बांधावा लागेल.

पायथनचंही तसंच. पायथन३-डेव्ह नसेल तर विममध्ये पायथन चालवायची सोय चुपचाप गळते. म्हणून मी कन्फिगरला '--एनेबल-फेल-इफ-मिसिंग' देतोच. मागितलेली गोष्ट जमली नाही तर ते तिथेच थांबतं. या पर्यायाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, का ते कळत नाही.

सुरुवात मात्र बिल्ड-इसेन्शियल आणि गिटपासून कर. त्यात जीसीसी कंपायलर, मेक सगळं आलं. एकेक पॅकेज शोधायचा कंटाळा असेल तर 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप विम' हा राजमार्ग. उबुंटू स्वतःचा विम बांधायला जे वापरतं ते सगळं उतरवतं. बराच पसारा येतो, पण रूमवरच्या वायफायला तेवढं झेपेल. त्याआधी सोर्सच्या यादीत 'डेब-एसआरसी' (सोर्स पॅकेजं) चालू हवं. २४.०४ मध्ये ते उबुंटू.सोर्सेस फाइलीत 'टाइप्स'च्या ओळीत 'डेब'च्या पुढे लिहायचं.

आता ज्यात मी स्वतः आपटलो ते. हिंजवडीत नोकरीला असताना एका संध्याकाळी असाच विम बांधला, पायथन आलं नाही. डेव्ह पॅकेज टाकलं, पुन्हा कन्फिगर, पुन्हा मेक. तरी नाही! तीन वेळा झालं, मनपाची शेवटची बस गेली. मग कळलं की कन्फिगर आधीची उत्तरं 'एसआरसी/ऑटो'मधल्या कॉन्फिग.कॅश फाइलीत जपून ठेवतं. मी पॅकेज टाकलं होतं, पण ते जुन्याच उत्तराला चिकटून होतं. तेव्हा नवं पॅकेज टाकलंस की आधी 'मेक डिस्टक्लीन', मगच कन्फिगर. काही नापास झालं तर त्याच फोल्डरमधला कॉन्फिग.लॉग उघड. नेमकी कुठली हेडर फाइल मिळाली नाही ते त्यात लिहिलेलं असतं.

बाकी 'मेक -जे४' वगैरे सगळीकडे सापडेल. प्रीफिक्स (विम कुठे बसवायचा ती जागा) मात्र होम फोल्डरमधल्या '.लोकल'चा दे. सुडो लागत नाही, लॅबमध्येही चालेल, आणि उबुंटूचा मूळ विम शाबूत राहतो. इन्स्टॉल झाल्यावरही जुनाच उघडला तर घाबरू नकोस. एकदा लॉगआउट करून आत ये, '.लोकल/बिन' पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) येईल.

मराठी टिपा लिहिणार असशील तर जीटीके-३ चं डेव्ह पॅकेजही घेऊन जीविम (विमची स्वतंत्र खिडकीतली आवृत्ती) बांध. तिथे जोडाक्षरं पँगो ही लायब्ररी मांडते. टर्मिनलात ते त्या-त्या टर्मिनलच्या मर्जीवर. तरी अडलं तर कॉन्फिग.लॉगमधल्या त्या जागेच्या आसपासच्या वीसेक ओळी इथे टाक, अख्खा नको.