निळी वायर, काळी वायर

चि. बाबू,

परवा फोंड्याच्या बसस्टँडवर तुझे बाबा भेटले. एजंटाला पैसे द्यायची तारीख ठरली म्हणाले, म्हणून घाईने लिहितोय. फर्मागुडीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन तू जर्मनीला जाऊ बघतोस, याचा मला आनंदच आहे. मीही सहा वर्षं तिथे काढली. पण मी ज्या दाराने गेलो, त्या दाराने तू जाऊ नकोस.

माझा करार जर्मनमध्ये होता. एजंटाने बोट ठेवलं तिथे मी सही केली. महिन्याभराने सोबतच्या एका तुर्की माणसाने कागद वाचून दाखवला. पदाचं नाव होतं 'हेल्फर', म्हणजे मदतनीस. वेर्ण्यात पॅनेल बांधणारा मी, तिथे दोन वर्षं भिंतीत खाचा पाडत आणि केबलची बंडलं वाहत राहिलो. पगारही मदतनिसाचाच.

तेव्हा आधी 'आनएरकेनुंग' बघ, म्हणजे आपल्या प्रमाणपत्राची तिथल्या शिक्षणाशी पडताळणी. कारखान्यातल्या कामाचा अर्ज न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसा या कार्यालयाकडे जातो, घरांच्या वायरिंगचा त्या भागातल्या हांडवेर्क्सकामरकडे, म्हणजे कारागिरांच्या मंडळाकडे. तिथे हा धंदा साडेतीन वर्षं शिकवतात, त्यामुळे आपल्या आयटीआयच्या दोन वर्षांना पुष्कळदा अर्धीच मान्यता मिळते. त्याने खचू नकोस. मार्च २०२४ पासून अशी सोय आहे की नोकरी देणारा तयार असेल आणि तुझं जर्मन ए-टू पातळीपर्यंत असेल, तर तिथे काम करता करता उरलेली मान्यता मिळवता येते. जर्मनची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. एक वर्ष जाईल, जाऊ दे.

आता खरं सांगतो, भाषेवर मी एवढा भर का देतो ते. आपल्याकडे तीन फेज म्हणजे लाल, पिवळी, निळी. काळी म्हणजे न्यूट्रल. तिथे निळी न्यूट्रल, आणि तपकिरी, काळी, करडी या फेज. बारा वर्षांची सवय असलेला माझा हात जंक्शन बॉक्स उघडल्याबरोबर काळ्या वायरीकडे गेला. मुकादमाने कोपर धरून मागे ओढलं. खिशातून मी आपला स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर काढला, तर तो हसलाच. त्याला तिथे 'ल्यूगेनश्टिफ्ट' म्हणतात, खोटारडी पेन्सिल! मग दोन टोकांचा टेस्टर हातात देऊन त्याने पाच नियम म्हणून घेतले: वीज तोड, कोणी परत चालू करणार नाही अशी व्यवस्था कर, वीज नाही हे मोजून बघ, अर्थिंग करून शॉर्ट कर, शेजारचे चालू भाग झाक. याच क्रमाने, आणि जर्मनमध्ये. ते मला येईपर्यंत बॉक्सला हात लावू दिला नाही. तेव्हा राग आला होता.

पगाराचं थोडक्यात. एजंट तीन हजार युरोला शंभराने गुणून दाखवतो. एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमे वजा जाता त्यातले दोन हजारांच्या थोडे वर येतात. त्यातून घरभाडं, आणि सुरुवातीलाच तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट. चवथीला यायचं असेल तर रजा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेव. मी पहिल्या वर्षी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधलेली फोनवर बघितली.

तुझे आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना जन्मलेले, म्हणून पोर्तुगीज पासपोर्टचंही घरात बोलणं चालू आहे असं कळलं. त्याने युरोपीय संघाच्या देशांत काम करता येतं, पण भारताचं नागरिकत्व जातं. तो निर्णय एजंटाच्या टेबलावर घेऊ नका.

आणि हो, एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का बघ. नोंदणीकृत एजंटाला फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच घेता येते. तुझ्या बाबांकडे चार लाख मागितलेत. कसले, ते पावतीवर लिहून माग.

रविवारी माशेलला ये. करार घेऊन ये, सही न करता.

तुझा,
काका