ठराव कानडीत, सही आमची

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी शाळेत एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची, मीटिंग झाली, मी दुसरीच्या वर्गातलं छत गळतंय म्हणून सांगितलेलं, पोरं पाटी डोक्यावर धरून बसतात, पण ठराव सगळा कानडीत लिहिला आणि इथं सही करा म्हणाले, छताचं त्यात आहे का नाही तेच कळंना. मराठीत अर्ज चालतो काय?
– एक पालक, खानापूर तालुका (बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : चालतो की! घटनेच्या कलम 350 प्रमाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार देता येते, उत्तर कानडीत आलं तर शेजारच्या कॉलेजच्या पोराकडनं वाचून घ्यायचं, आपल्याकडं तेवढं चालतंच. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच मात्र घ्याच, शिक्का आणि तारखेसकट. आणि न वाचता सही कशाला करता हो? आधी वाचून दाखवा म्हणायचं.