भिंतीआधी माणसांना भेट

बाय, पुरात भिजलेल्या वस्तीत भिंतीवर कावीचं, म्हणजे लाल-पांढरं कोरीव, चित्र करायचं म्हणतेस, मनापासून बरं वाटलं. पण घरून चित्र काढून नेऊ नकोस. 23 जुलै 2021 च्या पुरानंतर गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादई नदीकाठी आम्ही तेच केलं. हसरी मुलं, इंद्रधनुष्य असे कागद घेऊन गेलो. बायका गप्पच. घरातलं भात कुजलेलं, आणि आम्ही इंद्रधनुष्य दाखवतोय! मग एका आजीने भिंतीवरची गढूळ पाण्याची रेघ दाखवली, तिच्या छातीएवढी उंच. म्हणाली, ही पुसू नका, हिच्या वर भाताची लोंबं काढा. आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती चुना कालवायला हजर!

कावीत खाली चुन्याचा पांढरा गिलावा आणि वर हुरमुंजीचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, पातळ थर असतो. तो ओला असतानाच कोरला की आतलं पांढरं उजळतं. म्हणून एका वेळी हातभरच लाव. मोरजीला मोरजाईच्या देवळात जुनं काम जवळून बघून ये. कोरणी पोरांच्याही हातात दे. रेघ वाकडी आली तरी राहू दे, ती त्यांची आहे. आणि पावसाच्या आधी आटप.