मुलीला घरून कामाचे दिवस वाढवून हवेत

प्रश्न : माझी मुलगी पावणेदोन वर्षं एका कंपनीत डेटा अॅनालिस्ट आहे. आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, घरून काम करता येतं. बाकी दिवशी जाण्यायेण्यात तीन तास जातात. तिने मॅनेजरकडे आणखी दोन दिवस मागितले. ते ‘बघू’ म्हणाले, त्याला महिना झाला. मी एचआरशी बोलू का? की डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं? – एक आई

उत्तर : एचआरला फोन तुम्ही करू नका. आजार नसताना सर्टिफिकेट तर मुळीच नको. फोनने मुलीची पत जाईल, खोट्या कागदाने नोकरीच जाऊ शकते.

‘बघू’ म्हणजे नकारच असं नाही. पुष्कळदा मॅनेजरकडे वरच्यांना दाखवायला काही नसतं, म्हणून विषय तसाच पडून राहतो. प्रवासाचा त्रास खरा, पण तो मुलीचा प्रश्न झाला. मॅनेजरचे प्रश्न निराळे : काम अडलं तर ही लगेच सापडेल का, उद्या बाकीच्यांनीही मागितलं तर काय सांगायचं, आणि काम होतंय की नाही हे कळणार कसं? अर्जात या तिन्हींची उत्तरं हवीत. प्रवासाला एक वाक्य पुरे.

आधी कंपनीची पॉलिसी नीट वाचायला सांगा. दिवस वरूनच ठरलेले असतील तर मॅनेजरच्या हातात काही नसतं. मग अपवादासाठी अर्ज कुणाकडे करायचा ते तिनेच एचआरला विचारावं. मग दोन आठवडे रोजची नोंद ठेवावी : कोणतं काम केलं, किती वेळ लागला, समोर माणूस असण्याची गरज पडली का. डेटा साफ करणं, क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या सूचना) लिहिणं, रिपोर्ट बांधणं घरून होतं. दुसऱ्या विभागाला नेमका कोणता आकडा हवाय हे काढून घेणं मात्र समोर बसूनच लवकर उरकतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या बुधवारी काय काय पूर्ण झालं, याची यादी टिकेटांवरून, म्हणजे कंपनीच्या सिस्टिममधल्या कामांच्या नोंदींवरून, निघेल. तिच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

दोन दिवस एकदम मागितले, ही घाई झाली. आता एकच मागावा, तोही आठ आठवड्यांच्या चाचणीसाठी. ट्रिप डॉट कॉम या चीनमधल्या प्रवास-बुकिंग कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिने असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामाचा दर्जा घसरला नाही, नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. त्याहून बोलकं म्हणजे, उत्पादकता 2.6 टक्क्यांनी घटेल असं आधी मानणारे मॅनेजर प्रयोगानंतर 1 टक्क्याने वाढते असं म्हणू लागले. वाद घालून त्यांचं मत बदललं नव्हतं.

सोमवार किंवा शुक्रवार मागू नये. लांबलेल्या सुट्टीचा संशय येतो. सीनियर ज्या दिवशी ऑफिसात असतात तो दिवसही सोडावा. दोन वर्षांच्या आतल्या नोकरीत निम्मं शिक्षण शेजारच्या खुर्चीकडून मिळतं. ट्रिप डॉट कॉमच्याच कॉल सेंटरमधल्या जुन्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं होतं, पण त्या कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. म्हणून तिसऱ्या दिवसाची घाई मी तरी करणार नाही.

महिनाअखेरीच्या धांदलीत विषय काढू नये. एखादा मोठा रिपोर्ट वेळेत गेल्यावर वीस मिनिटं मागून घ्यावीत आणि त्याच दिवशी मेल टाकावा. तो साधारण असा :

‘सर, बुधवारसोबत पुढचे आठ आठवडे गुरुवारीही घरून काम करून पाहावं, अशी विनंती आहे. या दिवशी क्वेरी आणि रिपोर्टची कामं ठेवीन. दहा ते सहा या वेळेत चॅटला पंधरा मिनिटांत उत्तर देईन. आदल्या दिवशी कळवलंत तर ऑफिसला येईन. चौथ्या आणि आठव्या आठवड्यानंतर वेळेत गेलेले रिपोर्ट आणि चुकीमुळे परत आलेले रिपोर्ट आपण पाहू. जमत नसेल तर पूर्वीप्रमाणे येईन.’

‘त्याला मिळतं, मग मला का नाही’ हे वाक्य आणि राजीनाम्याची धमकी, दोन्हींनी दार बंद होतं. ‘फोन कधीही उचलीन’ असंही कबूल करू नये. रात्री दहाचे फोन तिथूनच सुरू होतात. होकार तोंडी मिळाला तर ‘आज ठरल्याप्रमाणे’ असा मेल लगेच जावा, नाहीतर मॅनेजर बदलला की ठरलेलं सगळं पुसलं जातं. नकार मिळाला तर काय बदललं म्हणजे विचार होईल हे विचारावं आणि तीन महिन्यांनंतरची तारीख मागून घ्यावी.

चाचणी बहुतेकदा किरकोळ गोष्टींवर फसते. घरचं इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) चालतो का, हे पहिल्या गुरुवारच्या आधी तपासावं. कंपनीचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नये. आणि तुमच्याकडून एक मदत हवी : त्या दोन दिवशी ‘घरीच आहेस, तर जरा…’ म्हणून तिला मीटिंगमधून उठवू नका.