शाळेत टीव्ही आणि टॅब आहेत, पण शिक्षक वापरत नाहीत. नवा मुख्याध्यापक म्हणून मी कोणतं ॲप घ्यावं आणि कोणतं प्रशिक्षण लावावं?

सर, ॲपचं नंतर बोलू. आधी सांगा, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

२०१६ साली मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर होते. पट ४७. मुख्याध्यापकपदाचा प्रभार असलेले सर आणि मी. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला होता आणि केंद्राकेंद्रांत शाळा डिजिटल करायची चढाओढ लागली होती. आम्हीही लोकवर्गणीला निघालो. गाव सगळं ऊसतोडीचं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसांनी त्या उचलीतून पाचशे-हजार काढून दिले. ती उचल पुढं पाच महिने कोयता चालवून फेडायची असते, सर. चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी दोन हजार दिले. साठेक हजार जमले, त्यात बत्तीस इंची टीव्ही आणि सहा टॅब आले.

१५ ऑगस्टला उद्घाटन झालं. मुलांच्या हातात टॅब देऊन फोटो काढले. मग टॅब खोक्यात, खोकी कपाटात.

ती मुलगी रोज विचारायची, “बाई, आज टॅब?” मी सरांना विचारायची. सरांचं ठरलेलं उत्तर होतं, “बाई, डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीला, सही माझी आहे. फुटला तर भरपाई तुम्ही देणार का?” मी म्हटलं, देईन. ते म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. तो कागद त्यांनी फाइलला लावला आणि किल्ली खिशातच ठेवली. दिवाळी झाली, टोळ्या निघाल्या. हंगामी वसतिगृहातली मुलं रात्री गावातल्या नातेवाइकांकडे राहतात; त्या मुलीला सांभाळायला घरी आजी नव्हती, त्यामुळं त्याचाही उपयोग नव्हता. ती आईबापांबरोबर कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेली. बापानं पैसे दिलेला टॅब तिच्या हातात एकदाच आला होता, फोटोपुरता.

त्याच वर्षी जिओ आलं. त्यांच्या टोळीच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरकडे फोन होता. मी माझ्या फोनवरून रोज संध्याकाळी धडा वाचून त्याला आवाजाचा मेसेज पाठवायला लागले. दोन-तीन दिवसांनी तिचं उत्तर यायचं, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. मी फोन रिकाम्या तांब्यात ठेवायची म्हणजे आवाज मोठा होतो, आणि पोरं भोवती बसून ऐकायची. एकदा तिनं सांगितलं, आईबाबांनी आज इतक्या मोळ्या बांधल्या, एका मोळीत इतके ऊस, सांगा एकूण किती. वर्गानं गुणाकार करून तिला उलट मेसेज केला. गुणाकाराला कंटाळणारी पोरं तिच्या गणिताची वाट बघायची. शिकवण्यात तंत्रज्ञान आणणं म्हणतात ते हेच, असं मी तेव्हापासून मानते. त्यात शाळेच्या डेड स्टॉकमधली एकही वस्तू नव्हती.

२०१८च्या ऑनलाइन बदल्यांत माझी बदली झाली. निघण्याआधी वस्तूंची मोजणी झाली, तेव्हा कपाट उघडलं. सहापैकी चार टॅबच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, उरलेले दोन चालूच होईनात. महिनोन् महिने चार्जिंगशिवाय पडलेल्या बॅटरीचं हेच होतं. पोरांच्या हातून एकही फुटला नाही. सगळे कपाटात मेले.

म्हणून सांगते, तुमचे शिक्षक आळशी नाहीत. ते भरपाईला भितात. प्रशिक्षण लावण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या, की वर्गात वापरताना वस्तू बिघडली तर शिक्षकाकडून वसुली नाही, वस्तूचं रीतसर निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदवहीतून कमी केली जाईल. प्रोसिडिंगला सगळ्यांच्या सह्या घ्या. मग किल्ली वर्गशिक्षकाला द्या. आणि आठवड्यातून एक तास तुम्ही स्वतः टीव्ही लावून शिकवा. मुख्याध्यापक अडखळताना दिसला की बाकीच्यांची भीड निम्मी मोडते.

आता ॲप. विकत काही घेऊ नका. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड आणि २०१७पासून असलेलं दीक्षा हे सरकारी मोफत ॲप, एवढं प्राथमिकला पुरतं. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची वाट परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी दाखवली, २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. आपल्यासारख्याच शाळेतून आलेली गोष्ट आहे ती. नेट दगा देतं, म्हणून व्हिडिओ आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. पत्र्याच्या, भरपूर उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टर दिसत नाही, टीव्हीच बरा. लाइट बिलाची तरतूद आधी करा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान २५ हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला जातात. बाकीच्यात खडू, दुरुस्ती, बिल सगळं बसवायचं असतं.

दोन गोष्टी राहिल्या. चोऱ्या खरंच होतात, त्यामुळं रात्री कुलूप लावाच. माझं भांडण शाळा भरल्यावरच्या कुलपाशी आहे. आणि माझा अनुभव पहिली ते चौथीचा आहे. या वयाच्या मुलांना वीस मिनिटांच्या वर पडद्यासमोर बसवू नका.

आमच्या त्या सरांवर सरल आणि यूडायसवर भरायची शाळेची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी असा सगळा भार होता, तो मला दिसत होता. त्यांच्या जागी मी असते तर घाबरले असते. पण उचलीतून वर्गणी देणाऱ्या माणसाच्या पोरीला टॅब दिलाच असता. तुमच्या शाळेतलंही कुणी दिवाळीनंतर गाव सोडणार असेल, तर त्या मुलांच्या हातात दिवाळीआधी टॅब द्या.