नवस मागत नाहीत, बोलतात

प्रश्न असा आला आहे: 'नवस मागणे' बरोबर की 'नवस बोलणे'? आणि हा शब्द 'नव' आणि 'आस' मिळून झाला आहे का?

बोलणे. आपण मागतो ते मागणं. नवस हा देवाला दिलेला शब्द. 'माझा नवस पूर्ण झाला' हे हल्ली सतत कानावर येतं आणि दर वेळी चीड येते. पूर्ण होते ती इच्छा. नवस त्यानंतर फेडायचा असतो. मूल झालं, नोकरी लागली, की तुमची बाजू सुरू होते.

'नव + आस' ही फोड सोडून द्या. तसं असतं तर शब्द 'नवास' झाला असता. मूळ आहे 'नमस्', आपल्या नमस्कारातलं! दोन स्वरांमधला 'म' मराठीत येईपर्यंत 'व' होतो: ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा, कोमल-कोवळा, श्यामल-सावळा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'नमसित' आहे, अर्थ 'पूजलेला'. त्याचं प्राकृतात 'णवसिअ' आणि मराठीत नवस. जैन आचार्य हेमचंद्रांनी 12व्या शतकात देशीनाममाला या प्राकृतातल्या देशी शब्दांच्या कोशात 'णवसिअ' नोंदवला, अर्थही नेमका दिला: उपयाचितक, म्हणजे मागणं पुरं झालं तर देवाला अर्पण करीन म्हणून कबूल केलेली वस्तू. पण शब्द ठरवला देशी, संस्कृतातून न साधणारा. आचार्यांचा अधिकार मोठा, तरी इथे ते चुकले. 'नमसित' समोर असताना तो देशी कसा?

नवस म्हणजे देवाशी सौदा, असं म्हणणाऱ्या शहाण्यांनी हा 'नमस्' जरूर पाहावा. इथे माणूस आधी वाकतो, मग बोलतो. आणि देव काय करतो? 'पावतो'. 'पावणे' आलं 'प्राप्'वरून, अर्थ पोचणे. जेजुरीचा खंडोबा नवसाला पावतो म्हणजे तो आपल्यापर्यंत येऊन पोचतो. ही सर्वस्वी त्याची कृपा, तिच्यावर आपला हक्क नाही. हक्क असता तर भाषेने 'देव नवस फेडतो' असं काहीतरी म्हटलं असतं. फेडण्याची क्रिया मराठीने फक्त माणसाकडे ठेवली आहे: कर्ज फेडतो, पांग फेडतो, नवस फेडतो.

गोव्यात कोकणीत नवसाला 'आंगवण' म्हणतात, देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे दोघेही. त्या शब्दाचं मूळ वेगळं, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.